काच आणि पेंढा

३ जून

एकशे अठ्ठेचाळीस. अर्जांची मुदत आज संपली आणि गठ्ठा मोजला. एकशे अठ्ठेचाळीस नव्या मुली, चौऱ्याहत्तर खोल्या, खोलीत दोन पलंग. बरोबर बसलं. म्हणजे एकही पलंग रिकामा नाही, आणि भांडण झालं तर कुणाला हलवायला जागा नाही.

पाय सुजलेत. घरी आले तर लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं, सकाळचं ताट ओट्यावर तसंच झाकलेलं. विचारलं तर ‘भूक नव्हती’ म्हणाली. ताट फ्रिजमध्ये टाकलं. बोलायलाही अंगात जोर लागतो.

४ जून

रेक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शेजारी कडक इस्त्रीतले एक तरुण गृहस्थ. यंदापासून खोल्या संगणकावर लावायच्या म्हणे, त्यासाठी हे साहेब आलेत. मॅडम म्हणाल्या, ‘तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे.’ हे वाक्य माणसाला कधी ऐकवतात ते मला चांगलं ठाऊक आहे!

शेवटी तडजोड झाली. यंदा दोन याद्या करायच्या, एक माझी, एक संगणकसाहेबांची. पंचवीस तारखेला मॅडम दोन्ही बघणार आणि एक ठेवणार. माझं वय त्यांनी विचारलं नाही, पण टेबलावर माझी सेवापुस्तिका उघडी होती.

६ जून

दोन टेबलं जोडून कार्डं मांडली. एका मुलीचं एक कार्ड. अर्जातलं त्यावर उतरवायचं: किती वाजता झोपते, दिवा चालतो का, पसारा चालतो का, आवाज चालतो का, रूममेटशी जुळवून घ्याल का. एकवीस वर्षं हेच करतेय. संगणकसाहेब खुर्ची ओढून बसले, म्हणाले, ‘मॅडम, तुमचं सूत्र काय?’ सूत्र! मी म्हटलं, नजर.

खरं सूत्र त्यांना नाही सांगितलं. इथे लिहायला हरकत नाही. शंभरातल्या ऐंशी मुली कुठेही टाका, नांदतात. प्रश्न उरलेल्यांचा. तीन शाळा बदललेली, अर्जाला आईचं चार पानी पत्र जोडलेली, आजवर एकटीच राहिलेली, औषधं चालू असलेली. त्यांना मी मनात ‘काच’ म्हणते. आणि काही मुलींच्या अर्जात असतं, ‘कुणाशीही जुळवून घेते, कशाचीच तक्रार नसते.’ तो ‘पेंढा’. सामान बांधताना दोन काचा एकमेकींना लावून ठेवत नाहीत, मध्ये पेंढा घालतात. प्रत्येक काचेला एक पेंढा दिला की वर्ष निभावतं. पेंढ्याला कुणी सांगत नाही की तू पेंढा आहेस.

वर्षाला पाच-सहापेक्षा जास्त अदलाबदली कधी झाल्या नाहीत. दुसऱ्या कॉलेजांतून लोक मला विचारायला आलेत.

८ जून

लेकीच्या कॉलेजचं पत्र आलं. पहिल्या वर्षाचे शेवटचे चार पेपर दिले नाहीत, तरी वर्ष पुन्हा करता येईल, वसतिगृहातली जागाही राखून ठेवलीय. तीस जूनपर्यंत हजर व्हायचं. नाहीतर प्रवेश रद्द.

पत्र तिच्या हातात दिलं. वाचलं, उशीखाली ठेवलं. ‘बघते’ म्हणाली. मार्चमध्ये एक दिवस न कळवता बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हापासून हे ‘बघते’ चाललंय. काय झालं म्हणून विचारलं की ‘रूम जमली नाही.’ बस्स, एवढंच.

जी बाई वर्षाला दीडशे पोरींना खोल्या लावून देते तिच्या पोरीला रूम जमली नाही. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणते, ‘सुट्टीवर आलीय.’

९ जून

दिवसभर कार्डं. चौतीस जोड्या झाल्या. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर डोकं टेकलं तर गालाला कार्ड चिकटलं. संगणकसाहेबांनी पाहिलं, हसले नाहीत. बरा माणूस आहे.

१२ जून

साहेबांनी एक उद्योग केलाय. माझे पाच प्रश्न जसेच्या तसे मुलींच्या मोबाइलवर पाठवलेत. ‘अर्ज तर भरलेत त्यांनी,’ मी म्हटलं. ‘हो, पण मला टाइप करायचा कंटाळा आला,’ म्हणाले. इतकं प्रामाणिक उत्तर ह्या इमारतीत बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

१३ जून

हे शनिवारचे आले. आठवडाभर कामाच्या गावी, दीड दिवस घरी. लेकीच्या दारात उभे राहून दोन विनोद करून पाहिले, ती एकदा हसली. मग माझ्याजवळ येऊन बसले. ‘थकलीय गं पोर,’ म्हणाले. ‘तुझ्यावर गेलीय. सगळ्यांचं करत बसायचं आणि मग आडवं व्हायचं.’ मी म्हटलं, मी कधी आडवी झाले? तर म्हणाले, ‘तेच.’

१५ जून

आज एक आई आली, मुलीला घेऊन. पेढीवर बसल्यासारखी माझ्यासमोर बसली आणि सुरू. ‘आमची लवकर झोपते. आमचीला आवाज सहन होत नाही. आमची टापटीप.’ आमची शेजारी उभी, नखावरचा रंग खरवडत होती. मी मुलीला विचारलं, तुला कशी रूममेट हवी? तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘चांगली.’

१७ जून

कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली.

साहेबांकडे एकशे एकतीस मुलींची उत्तरं आली. त्यांनी माझ्या कार्डांशी ताडून पाहिली. बारा जुळली. बारा! त्यांना वाटलं आपल्याच यंत्रात घोटाळा आहे. बिचारे तीनदा तपासून माझ्याकडे आले. कार्डावर ‘रात्री दहाला झोपते’, मोबाइलवर ‘दोन-अडीच’. कार्डावर ‘पहाटे उठून वाचते’, मोबाइलवर ‘नऊच्या आधी कुणी उठवू नये’. कार्डावर ‘पसारा अजिबात चालत नाही’, मोबाइलवर ‘पसारा माझाच असतो’.

मूळ अर्जांचा गठ्ठा काढला. खाली विद्यार्थिनीची सही, वर सगळं अक्षर वेगळं. दुसरा अर्ज, तेच. दहावा, तेच. गोल, ठसठशीत, सवयीचं अक्षर, चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायकांचं. मुलींनी फक्त सही केलेली.

एकवीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. सही आहे ना एवढंच तपासायचे. म्हणजे एकवीस वर्षं मी आयांच्या जोड्या लावत होते. त्या आया एका खोलीत सुखाने नांदल्या असत्या, त्यात शंका नाही.

साहेब हळूच म्हणाले, ‘पण मग इतकी वर्षं जमलं कसं, मॅडम?’

मी गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला.

१८ जून

तो प्रश्न डोक्यातून जाईना. आज दाराला कडी लावून जुनी रजिस्टरं काढली. अदलाबदली मी दरवर्षी मोजते. वसतिगृह सोडून गेलेल्या मुली मात्र कधी मोजल्या नव्हत्या. त्यांचं रजिस्टर वेगळं, वेगळ्या कपाटात. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असतं, आणि आपणही पुढे विचारत नाही.

गेल्या वर्षी मधेच सोडून गेलेल्या नऊ. त्यांची कार्डं शोधली. सात पेंढा. त्याआधीच्या वर्षी अकरापैकी आठ. आणखी मागे जायचं धाडस झालं नाही.

काचा फुटल्या नाहीत हे खरं. त्याची शेखी मिरवत आले. पेंढा चुरला ते दिसलंच नाही.

१८ जून, पुन्हा

लिहून झालं होतं, वही मिटली होती. पुन्हा उघडली. आपल्या लेकीचा अर्ज कुणी भरला होता ते आठवलं.

मी. ह्याच जेवणाच्या टेबलावर. ती पलीकडे फोनवर होती, मी म्हटलं, तू फक्त सही कर, बाकीचं मला कळतं. आणि शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘कुणाशीही जुळवून घेते. कशाचीच तक्रार नसते.’ कौतुकाने लिहिलं! तिथेही माझ्यासारखीच एखादी बाई बसली असणार, टेबलावर कार्डं मांडून, हे मला कळायला नको होतं? मला?

सोडायला गेलो तो दिवसही आठवला. तिची रूममेट आधीच येऊन बसली होती. किडकिडीत, नखं कुरतडणारी, मान वर करेना. बरोबर आई नाही, बापाने सामान ठेवलं आणि गाडी लागलीय म्हणून निघून गेला. बघताक्षणी ओळखलं होतं मी, काच. घरी येताना ह्यांना म्हटलंही, आपली सांभाळून घेईल तिला. ह्यांनी मान डोलावली होती.

२० जून

आज रजा टाकली. लेकीच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले. म्हटलं, मला खरं सांग, त्या खोलीत काय होतं?

तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, ‘काही नाही. एक जण दिवसभर पलंगावर पडून असायची. तासाला जायची नाही, आंघोळ नाही, जेवायला खाली मेसमध्ये उतरायची नाही. दुसरी तिचं ताट वर आणायची. आपले तास बुडवून बसायची जवळ. असंच वर्ष गेलं.’

वर्ष? माझ्या तोंडून एवढंच निघालं.

‘दिवाळं निघालं दोघींचं,’ म्हणाली आणि हसली. हसू कसलं ते.

तू मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, ‘तू फोनवर काय विचारायचीस? जेवलीस का. मी म्हणायचे, हो.’

मी तिचे केस मागे केले. चिकट झाले होते. एवढीशी पोर, एका परक्या मुलीची वर्षभर सेवा करत होती, आणि मी इथे लोकांना खोल्या कशा लावाव्यात ते शिकवत होते. मग ती अशी कोसळणार नाही तर काय होईल? चार महिने झोपली तरी कमीच आहे.

राग आला. खूप आला. त्या मुलीच्या बापाचा, तिथल्या ऑफिसाचा, आणि त्याहून जास्त माझा.

२१ जून

लेकीला दिवसातून एकच फोन येतो. ती बाकी कुणाचा घेत नाही, तो घेते. बाल्कनीत जाऊन हळू बोलते. आज विचारलं कोण ते. ‘रूममेट.’

अजून सोडत नाही! इतकं करून घेतलं तरी पोट भरलं नाही. मी म्हटलं, तू कशाला घेतेस तिचा फोन? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून आले.

२२ जून

तिथल्या वसतिगृहाच्या ऑफिसात फोन केला. एक बाईच आहेत, आवाजावरून माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच दमलेल्या. मी कोण, काय काम करते ते सांगितलं. मग दोन मिनिटांत आमचं जमलं. धंद्याची माणसं. म्हटलं, खरं सांगा, माझ्या मुलीला तुम्ही जुळवून घेणारी म्हणून तिथे टाकलं ना? त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नसतं टाकलं?’

वेगळी खोली मिळेल म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावर एक एकटीची खोली आहे. पण पालकाचं लेखी हवं, कारण जुनी जोडी मोडायची तर कारण लागतं. जुन्या रूममेटने तीच खोली पुन्हा मागितलीय, माझ्या लेकीसकट.

मागितलीय म्हणे! मागेल नाही तर काय. फुकटची दाई कुणाला नको असते.

लगेच लिहून पाठवलं. ‘माझ्या मुलीला सदर विद्यार्थिनीपासून वेगळे ठेवावे, तिचा माझ्या मुलीच्या प्रकृतीवर व अभ्यासावर परिणाम झाला आहे.’ खाली सही ठोकली. एकवीस वर्षांत असली पत्रं मी शेकड्यांनी फाइल केलीत, लिहिलं पहिल्यांदाच.

लेकीला आत्ताच नको सांगायला. खोली हातात आली की सांगेन. आनंदच होईल तिला.

२४ जून

सगळी कार्डं गोळा करून पेटीत भरली आणि पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, तुमचीच यादी जाऊ द्या उद्या. ते उठून उभे राहिले. म्हणाले, ‘मॅडम, माझ्या यादीत झोपेच्या वेळा बरोबर आहेत. पण कोण कुणाला सांभाळेल ते मला कळत नाही. ते तुम्ही बघा.’

मी म्हटलं, तेच तर बघत होते. ते बघणंच बंद करायचंय.

शेवटी ऑफिसात सगळ्यांशी बोलून असं ठरलं की प्रत्येक मुलीला आल्यावर पहिल्या आठवड्यात समोर बसवायचं. एकटीला. आयांना बाहेर चहा द्यायचा. एकशे अठ्ठेचाळीस मुली गुणिले दहा मिनिटं. हे कोण करणार असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२५ जून

मॅडमनी साहेबांची यादी ठेवली. मला वाटलं होतं रडू येईल, पण झोप आली. बैठकीतच.

२६ जून

तिथल्या बाईंचा निरोप आला. एकटीची खोली मंजूर. पत्राची माहिती जुन्या रूममेटला नियमाप्रमाणे दिलीय.

लेकीला सांगितलं. चेहरा जरा खुलेल असं वाटलं होतं. ती उठून बसली. ‘कुणी मागितली?’ मी म्हटलं, मी. ‘मला न विचारता?’ मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच ना बाळा, तिने तुला किती पिळून घेतलंय.

काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिने. मग आडवी झाली. पांघरूण डोक्यावरून घेतलं. अजून तशीच आहे.

२७ जून

जेवली नाही.

२८ जून

जेवली नाही. फोन वाजला, तोही घेतला नाही. हे आले, दाराशी बसून राहिले. विनोद केले नाहीत. मला म्हणाले, ‘एकटीची खोली हवीच होती का तिला?’ मी चिडले. म्हटलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं, माझं आयुष्य गेलं त्यात.

परवा तीस. बॅग अजून माळ्यावर आहे.

२९ जून

सकाळी सातला बेल. दारात ती मुलगी, एका सॅकनिशी. पहिल्या गाडीने आली होती. तशीच किडकिडीत, नखं कुरतडलेली. पण मान वर होती. म्हणाली, ‘काकू, ते पत्र तिने दिलंय की तुम्ही? तिने दिलं असेल तर मी इथूनच परत जाते.’

मी म्हटलं, मी दिलं. तुझं वर्षभर केलंन तिने, आता तिला सोड.

तिने सॅक खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, ‘काकू, पलंगावर ती होती. ताट मी आणायचे.’

मी दारातून बाजूला झाले. चप्पल काढून ती सरळ आत गेली, खोली विचारली नाही. कडी वाजवली. आतून लेकीचा आवाज आला. ‘ये.’

मी तिथल्या बाईंना फोन लावला आणि म्हटलं, माझं पत्र फाडून टाका.